सासूबाईंची जपमाळ आणि मुलाचा ‘एक्सॉर्सिस्ट’

वसईच्या एका वाचक भगिनीने सविस्तर पत्र पाठवले आहे. त्याचा सारांश असा: घरात पती, कॉलेजात शिकणारी मुलगी, नुकतीच बारावी झालेला मुलगा आणि सासूबाई. शनिवारी रात्री सगळ्यांनी मिळून एखादा जुना, गाजलेला चित्रपट पाहायचा अशी पद्धत मुलांनी सुरू केली. सुरुवातीला सारे सुरळीत चालले होते. पण प्रायश्चित्तकाळ, म्हणजे ईस्टरपूर्वीचे उपवासाचे चाळीस दिवस, लागला आणि त्याच सुमारास मुलाने ‘द एक्सॉर्सिस्ट’, ‘द विकर मॅन’, ‘लाइफ ऑफ ब्रायन’ आणि ‘विरिडियाना’ अशी यादी पुढे केली. सासूबाईंनी जपमाळ हातात घेऊन सांगितले की या घरात असले काही चालणार नाही, आणि पाहणाऱ्याने आधी कन्फेशनला, म्हणजे धर्मगुरूपाशी पापनिवेदनाला, जावे. मुलगा उत्तरला, “देव इतका नाजूक आहे का?” आता वाचक भगिनी विचारतात की असे चित्रपट पाहणे पाप आहे का, श्रद्धावान कॅथलिक माणसाने ते कोणत्या नजरेने पाहावेत, आणि सुरुवात कशापासून करावी.

प्रिय भगिनी,

पापाचा प्रश्न आधी घेऊ, कारण तो मिटल्याशिवाय घरात कोणीही शांतपणे पडद्याकडे पाहू शकणार नाही. गंभीर पापासाठी ख्रिस्तसभेच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या, धर्मशिक्षणात तीन अटी सांगितल्या आहेत: विषय गंभीर असावा, त्याची पूर्ण जाणीव असावी आणि जाणूनबुजून दिलेली संमती असावी. एखाद्या चित्रपटात पाप दाखवले आहे एवढ्याने यांतली एकही अट पुरी होत नाही; तसे असते तर व्यभिचार आणि खून केलेल्या दावीद राजाची कथा मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, वाचता आली नसती. मात्र एखादे दृश्य पाहताना आपल्या मनात क्रौर्याची किंवा वासनेची चव निर्माण होते आहे हे कळत असूनही जो ते पुन्हा पुन्हा लावतो, त्याने स्वतःला प्रश्न विचारायलाच हवा, आणि त्या प्रश्नाचे उत्तर माणसागणिक वेगळे येईल. तुमच्या मुलीला जे दृश्य सहज पचेल ते तुमच्या यजमानांना पचणार नाही, असे होऊ शकते. प्रायश्चित्तकाळात चित्रपट पाहू नये असा ख्रिस्तसभेचा कोणताही नियम नाही. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी उपवास व मांसवर्जन बंधनकारक आहे, करमणुकीसारख्या गोष्टींचा त्याग ज्याचा त्याने ठरवायचा असतो.

तरीही सासूबाईंचे म्हणणे मोडीत काढू नका, असेच मी सांगेन. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आठवा अध्याय तुमच्या घरासाठीच लिहिला असावा, इतका तो इथे लागू पडतो. मूर्तीला वाहिलेले मांस खाल्ल्याने काही बिघडत नाही हे पौलाला पक्के ठाऊक होते. पण ते पाहून दुसऱ्याची सद्सद्विवेकबुद्धी दुखावणार असेल तर आपण ते मांस खाणार नाही, असे तो म्हणतो. मुलाला सांगा की देव नाजूक नाही हे त्याचे म्हणणे अगदी बरोबर आहे. पण इथे प्रश्न देवाच्या नाजूकपणाचा नसून आजीच्या चाळीस दिवसांचा आहे. ‘एक्सॉर्सिस्ट’ ईस्टरनंतरही पाहता येतो. पास्काकाळ, म्हणजे ईस्टरचा काळ, तर पन्नास दिवसांचा असतो, म्हणजे प्रायश्चित्तकाळापेक्षा लांब.

‘कोणत्या नजरेने’ हा तुमचा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर देताना जुनी गोष्ट सांगावी लागेल. कॅथलिक माणसाने चित्रपटाकडे कसे पाहावे याचे सोपे उत्तर गेल्या शतकात एकदा देऊन झाले आहे: यादी करावी. अमेरिकेत 1933-34 मध्ये ‘लीजन ऑफ डीसेन्सी’ ही संघटना उभी राहिली, तिने चित्रपटांना दर्जे दिले आणि ‘निषिद्ध’ ठरलेले चित्रपट पाहणार नाही अशी प्रतिज्ञा लोक चर्चमध्ये उभे राहून घेऊ लागले. हेतू वाईट नव्हता, आणि हॉलिवूडचा तेव्हाचा कारभार पाहता चिंताही निराधार नव्हती. पण यादी करणाऱ्यांची नजर बहुधा कथेच्या सारांशावर अडकत असे. रॉबेर्तो रोसेलिनी याने 1948 मध्ये एक छोटा चित्रपट केला. त्याचे इंग्रजी नाव ‘द मिरॅकल’. शेळ्या राखणारी एक भोळी बाई डोंगरावर भेटलेल्या अनोळखी माणसाला संत जोसेफ समजते, तिला दिवस जातात, आणि हा चमत्कार आहे असे मानून ती गावाची टवाळी सोसते. न्यूयॉर्कचे कार्डिनल स्पेलमन यांनी त्याविरुद्ध मोहीम उघडली, प्रकरण न्यायालयात गेले, आणि 1952 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटालाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आहे असा निकाल दिला. चित्रपट रोखण्याच्या खटपटीतून चित्रपटाला स्वातंत्र्य मिळाले. त्याच रोसेलिनीने मधल्या काळात, 1950 मध्ये, असिसीच्या संत फ्रान्सिसवर चित्रपट केला. त्यात खऱ्या फ्रान्सिस्कन मठवासीयांनी कामे केली. सिनेमाच्या शताब्दीनिमित्त व्हॅटिकनने 1995 मध्ये 45 महत्त्वाच्या चित्रपटांची यादी केली, तिच्या ‘धर्म’ या विभागात हा चित्रपट आहे. शेळ्या राखणारी ती बाई आणि हा फ्रान्सिस एकाच माणसाच्या नजरेतून उतरले आहेत. दोघेही जगाच्या लेखी वेडे, आणि दोघांच्याही वेडाकडे कॅमेरा आदराने पाहतो. हे दोन्ही चित्रपट पाठोपाठ पाहिले की यादीतल्या शिक्क्यापेक्षा दिग्दर्शकाची नजर वाचायला शिकणे का गरजेचे आहे ते लगेच कळते.

व्हॅटिकनची ती यादी मुलांना जरूर दाखवा. तीत ‘धर्म’, ‘मूल्ये’ आणि ‘कला’ असे तीन विभाग आहेत. ‘मूल्ये’ या विभागात अ‍ॅटनबरोंचा ‘गांधी’ आहे, तर ‘कला’ या विभागात चॅप्लिनचा ‘मॉडर्न टाइम्स’ आणि रक्तपिपासूची मूक भयकथा ‘नोस्फेराटू’सुद्धा आहे. मुलाला हे शेवटचे नाव आवडेल.

याच यादीत पासोलिनीचा ‘द गॉस्पेल अकॉर्डिंग टू सेंट मॅथ्यू’ आहे, आणि कॅथलिक नजर म्हणजे काय हे शिकवायला मला याच्याइतका उपयोगी दुसरा चित्रपट माहीत नाही. पिएर पाओलो पासोलिनी मार्क्सवादी होता, देव मानत नव्हता, आणि आधीच्या एका लघुपटासाठी 1963 मध्ये त्याला धर्माचा अवमान केल्याबद्दल शिक्षाही झाली होती. त्याच माणसाने पुढच्याच वर्षी संत मत्तयच्या शुभवर्तमानातले संवाद जसेच्या तसे ठेवून येशूचे चरित्र पडद्यावर आणले आणि ते पोप तेविसावे जॉन यांच्या स्मृतीस अर्पण केले. नट सगळे हौशी, येशूच्या भूमिकेत एक स्पॅनिश विद्यार्थी, दक्षिण इटलीतली मातेरा ही दगडी वस्ती म्हणजे जेरुसलेम. क्रूसाखाली कोसळणाऱ्या वृद्ध मरियेकडे नीट पाहा. ती पासोलिनीची स्वतःची आई आहे, सुसाना. तिचा धाकटा मुलगा ग्विदो 1945 मध्ये, युद्ध संपता संपता, मारला गेला होता. त्या रडण्यात अभिनय किती आणि आठवण किती हे सांगता येत नाही. देहधारणेवर, म्हणजे देव माणूस झाला यावर, श्रद्धा ठेवणाऱ्या माणसाला हे दृश्य समजावून सांगावे लागत नाही: शब्द देही झाला तो असल्याच एका गावात, असल्याच बायकांमध्ये. व्हेनिस महोत्सवात कॅथलिक चित्रपट संघटनेचा पुरस्कार या चित्रपटाला मिळाला, तो उगाच नव्हे.

तेव्हा पडद्यावर धर्मगुरू दिसला म्हणून चित्रपट कॅथलिक होत नाही, आणि दिग्दर्शक नास्तिक आहे म्हणून तो परकाही होत नाही. ‘गोइंग माय वे’ घ्या. 1944 चा हा चित्रपट ऑस्करचा मानकरी ठरला. त्यातले फादर प्रेमळ आहेत, गातात छान, चर्चवरचे कर्जसुद्धा गाण्याने फेडतात. पाहायला गोड आहे, सासूबाईंना नक्की आवडेल. पण त्यात कोणाला कशाचीही खरी किंमत मोजावी लागत नाही. त्याच्या शेजारी रॉबेर ब्रेसाँचा 1951 चा ‘डायरी ऑफ अ कंट्री प्रीस्ट’ ठेवा. आजारी, संकोची तरुण फादर. पोटात पाव आणि वाइनशिवाय काही टिकत नाही. गाव त्याला दारूडा समजते. मुलाच्या मृत्यूनंतर देवाशी अबोला धरलेल्या एका उमरावाच्या पत्नीशी तो बराच वेळ वाद घालतो, शेवटी तिचे मन वळते आणि त्या भरात ती मृत मुलाची तसबीर असलेले लॉकेट आगीत फेकते. फादर हात घालून ते बाहेर काढतो. एवढ्या एका हालचालीत ब्रेसाँने पुष्कळ सांगितले आहे: देवाला शरण जाणे म्हणजे मुलावरची माया जाळून टाकणे नव्हे. तो फादर मरतो तेव्हाही नीटनेटके काही होत नाही. धर्मग्रामाचे फादर वेळेवर पोहोचत नाहीत आणि धर्मगुरूपद सोडून गेलेला एक जुना मित्रच त्याला पापक्षमा देतो. अपात्र माणसाच्या हातूनही कृपा पोहोचते, ही आपली शिकवण आहे. ब्रेसाँ ती सांगत बसत नाही, पडद्यावर घडू देतो.

मी स्वतः चित्रपट पाहताना हेच शोधतो: पाणी, भाकर, तेल, हात, चेहरा अशा साध्या वस्तूंना चित्रपट काही वजन देतो का, माणसाने केलेल्या निवडीचे परिणाम त्याच्यापर्यंत पोहोचतात का, आणि सर्वांत वाईट पात्रासाठीही परतीचे दार उघडे आहे असे दिग्दर्शकाला वाटते का. हे सगळे प्रश्न प्रत्येक चित्रपटाला लागू होत नाहीत. ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ पाहताना ते खिशातच ठेवावेत.

आता ‘द एक्सॉर्सिस्ट’, सैतानाने झपाटलेल्या एका मुलीची आणि तिला सोडवू पाहणाऱ्या दोन फादरांची गोष्ट. सासूबाईंना कदाचित खोटे वाटेल, पण तुमच्या मुलाच्या यादीतला सर्वांत कॅथलिक चित्रपट हाच आहे. मूळ कादंबरीचा आणि पटकथेचा लेखक विल्यम पीटर ब्लॅटी हा येशूसंघीयांच्या (जेझुइट धर्मगुरूंच्या) जॉर्जटाउन विद्यापीठात शिकलेला कॅथलिक होता, आणि कथा तिथेच घडते. त्यात फादर डायरची भूमिका विल्यम ओ’मॅली या खऱ्याखुऱ्या येशूसंघीय धर्मगुरूने केली आहे. ख्रिस्तसभेची शिस्तही त्यात बऱ्यापैकी पाळली आहे: आधी डॉक्टर, तपासण्या, मानसोपचार, सगळे उपाय थकल्यावर फादर कॅरस, आणि त्यानंतरही बिशपांच्या परवानगीशिवाय काहीच नाही. लोकांना मान फिरवणारी मुलगी आणि हिरवी ओकारी तेवढी आठवते, आणि त्यात त्यांचा दोष नाही, कारण दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिनने ती दृश्ये विसरता येऊ नयेत अशीच चित्रित केली आहेत. पण गोष्ट मुलीची कमी आणि फादर कॅरसची जास्त आहे. त्याची आई एकटी राहत होती आणि एकटीच गेली, ते शल्य त्याला खाते आहे. श्रद्धा डळमळली आहे. इतरांचे समुपदेशन करताना तो स्वतः आतून रिकामा झाला आहे. सैतान त्याच्याशी बोलतो तो नेमका आईच्या आवाजात.

1973 मध्ये प्रदर्शित झालेल्या प्रतीतून एक संभाषण गाळले होते. 2000 साली आलेल्या वाढीव आवृत्तीत ते परत आले, म्हणून ती आवृत्ती मिळवा. दोघे फादर दमून जिन्यावर बसले आहेत, कॅरस विचारतो की हीच मुलगी का, आणि वृद्ध फादर मेरिन उत्तर देतात की या साऱ्याचा रोख आपल्याला निराश करण्यावर असावा. आपण पशू आहोत, किळसवाणे आहोत, देव आपल्यावर प्रेम करू शकणारच नाही, असे आपल्याला वाटावे म्हणून हे चालले आहे. या उत्तरापाशी चित्रपटाचा अर्थ उघडतो. ती सारी किळस भुताखेतांच्या मनोरंजनासाठी नाही. पाहणाऱ्यालाही क्षणभर मानवी देहाचा वीट यावा आणि मग त्या विटाळलेल्या देहासाठी कोणीतरी स्वतःचा जीव द्यावा, अशी ती रचना आहे. शेवटी कॅरस रस्त्यावर कोसळलेला असताना फादर डायर त्याचा हात हातात घेऊन विचारतात की तुला पापनिवेदन करायचे आहे का. त्याला बोलता येत नाही. बोटांची हालचाल तेवढी होते, आणि ती पुरते.

तरीही हा चित्रपट सर्वांसाठी नाही. ज्याला रात्री झोप लागत नाही, ज्याच्या घरात मानसिक आजार आहे, किंवा ज्याला मुळातच सैतानाविषयी नको तितके कुतूहल आहे, त्याने तो टाळावा. आधी तुम्ही दोघांनी पाहा, मग मुलांबरोबर. सासूबाईंना आग्रह करू नका, आणि त्या झोपल्यावर गुपचूपही लावू नका. चोरून पाहिलेल्या गोष्टीवर दुसऱ्या दिवशी जेवताना मोकळेपणाने बोलता येत नाही.

‘लाइफ ऑफ ब्रायन’ या विनोदी चित्रपटावर फार शाई खर्च करण्याची गरज नाही. ब्रायन म्हणजे येशू नव्हे, हे चित्रपट सुरुवातीलाच स्पष्ट करतो: बाळ येशूला भेटवस्तू घेऊन निघालेले मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी लोक, चुकून शेजारच्या गोठ्यात शिरतात आणि चूक कळल्यावर भेटवस्तू परत हिसकावून घेतात. खरा येशू डोंगरावर प्रवचन देताना दिसतो, तेव्हा त्याची कोणतीही थट्टा नाही. थट्टा आहे ती मागे उभे राहून अर्धवट ऐकणाऱ्यांची, म्हणजे थोडीफार आपलीही. शेवटचे क्रूसावरचे गाणे मात्र मला आजही खटकते, आणि ते खटकणे दडपावे असे मला वाटत नाही.

‘द विकर मॅन’ हा अधिक गंभीर खेळ आहे. स्कॉटलंडच्या एका बेटावर हरवलेल्या मुलीचा शोध घ्यायला आलेला सार्जंट होवी कर्मठ प्रॉटेस्टंट आहे, आणि बेट जुन्या निसर्गदेवतांकडे वळलेले आहे. ‘कल्ट’ चित्रपट म्हणून, म्हणजे मोजक्या चाहत्यांच्या भक्तीने, तो डोक्यावर घेणारे बहुतेक जण बेटवासीयांच्या गाण्यांवर खूष असतात आणि होवीला हसतात. तो आहेच तसा, ताठ आणि तुसडा. पण शेवटी बळी म्हणून वेताच्या प्रचंड पुतळ्यात कोंडलेला तो, त्या जळत्या सांगाड्यात बायबलमधले स्तोत्र 23 म्हणू लागतो आणि खाली सारे गाव आनंदाने फेर धरून गाते, तेव्हा आपण कोणाच्या बाजूने उभे आहोत असा प्रश्न मुलांना विचारा. उत्तर लगेच मागू नका. रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेसाठी प्राण देणारा, नेहमी आवडण्यासारखा माणूस असतोच असे नाही, ही गोष्ट संतचरित्रांपेक्षा मला या भयपटाने अधिक ठसवली.

‘विरिडियाना’ मात्र मी मुलाच्या यादीतून तूर्त काढेन. लुई बुन्युएल येशूसंघीयांच्या शाळेत शिकलेला, आणि आयुष्यभर त्या शिक्षणाशी भांडत राहिलेला दिग्दर्शक. 1961 मध्ये या चित्रपटाला कान चित्रपट महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले, व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने त्याचा निषेध केला आणि स्पेनमध्ये त्यावर बंदी आली. त्यातले भिकारी जेवणाच्या टेबलावर लिओनार्दोच्या ‘शेवटच्या भोजना’च्या मांडणीत बसतात, ते दृश्य श्रद्धावान माणसाला टोचते आणि टोचावे म्हणूनच ते केलेले आहे. त्याऐवजी त्याच बुन्युएलचा ‘नाझारिन’ पाहा. व्हॅटिकनच्या यादीत ‘धर्म’ या विभागात तो आहे. शुभवर्तमानाप्रमाणे तंतोतंत जगू पाहणारा एक फादर मेक्सिकोत भटकतो आणि त्याच्या प्रत्येक चांगल्या कृतीतून काहीतरी भलतेच निपजते. शेवटी कैदी म्हणून नेले जात असताना रस्त्यावरची एक बाई त्याला अननस देऊ करते. तो आधी नाकारतो, दोन पावले पुढे जातो, मग थांबतो आणि घेतो. आजवर फक्त देत आलेल्या माणसाला घेणे किती जड जाते ते त्याच्या चेहऱ्यावर दिसते. बुन्युएलला इथे श्रद्धा गळून पडताना दाखवायची होती की नम्रता उगवताना, यावर आजही वाद होतो. तुमच्या घरातही तो होऊ द्या.

एका खोडीपासून मात्र सावध राहा. कॅथलिक नजर मिळाली या आनंदात माणूस प्रत्येक चित्रपटात ख्रिस्त शोधू लागतो. ‘कूल हँड ल्यूक’मध्ये नायक पैजेवर पन्नास उकडलेली अंडी खातो आणि मग टेबलावर हात पसरून, पाय जुळवून पडतो, कॅमेरा वरून पाहतो. ते साम्य दिग्दर्शकाने मुद्दाम पेरले आहे, आपण ते ओळखले यात फारसे कौतुक नाही. ओळखल्यानंतरचा प्रश्न महत्त्वाचा: हा माणूस कोणासाठी काही देतो आहे, की नुसता खुंटीवर टांगलेल्या चिन्हासारखा दिसतो आहे? उत्तर ‘नुसता दिसतो आहे’ असे आले तर तसे म्हणा आणि अभिनयाला दाद देऊन पुढे चला. चित्रपट मध्येच थांबवून प्रवचन करणारा पालक तर कोणालाच नको असतो. बोलायचे ते दुसऱ्या दिवशी, भाजी निवडताना.

सुरुवात कशापासून करावी, हा शेवटचा प्रश्न. प्रायश्चित्तकाळातल्या उरलेल्या शनिवारांसाठी मी तीनच नावे सुचवेन: हिचकॉकचा ‘आय कन्फेस’, रोसेलिनीचा संत फ्रान्सिस, आणि ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याच्या उंबरठ्यावर पासोलिनीचा मत्तय. सिनेमा म्हणजे परक्यांचा नाद, असे सासूबाई म्हणाल्या तर त्यांना सांगा की दादासाहेब फाळक्यांनी 1910-11 च्या सुमारास मुंबईत येशूचे चरित्र पडद्यावर पाहिले आणि ते पाहतानाच राम-कृष्ण असे पडद्यावर कधी दिसतील हा विचार त्यांच्या मनात घुमू लागला. ‘राजा हरिश्चंद्र’ची वाट तिथून निघाली.

‘आय कन्फेस’ पहिला ठेवण्यामागे कारण आहे. 1953 चा हा चित्रपट क्वेबेकमध्ये घडतो. चर्चमध्ये कामाला असलेला केलर धर्मगुरूचा झगा घालून खून करतो आणि त्याच रात्री फादर लोगनपाशी पापनिवेदन करतो. पुढे संशय फादरवरच येतो आणि त्यांना तोंड उघडता येत नाही. दुसऱ्या सकाळच्या न्याहारीचे दृश्य पाहा: टेबलाभोवती सारे फादर गप्पा मारत आहेत, केलरची बायको मागून फिरत कॉफी वाढते आहे, आणि तिची नजर फादर लोगनच्या चेहऱ्यावरून हलत नाही. स्वतः कॅथलिक असलेल्या हिचकॉकला नंतर वाटत राहिले की हा चित्रपट करायला नको होता, कारण एक माणूस फाशीच्या दारात उभा राहूनही गप्प का बसतो हे कॅथलिक नसलेल्या प्रेक्षकांना पटलेच नाही. तुमच्या घरात ती अडचण नाही. पापनिवेदनाची गुप्तता मोडणाऱ्या धर्मगुरूला ख्रिस्तसभेतून बहिष्काराची शिक्षा आपोआप लागते, हे तुमच्या मुलांना कदाचित ठाऊक नसेल, पण सासूबाईंना असणारच. त्यांना इंग्रजी समजत नसेल तर मुलीला शेजारी बसवा आणि संवाद आपल्या बोलीत सांगायला लावा, मात्र फादर लोगन पोलिसांसमोर गप्प बसतात त्या ठिकाणी मुलगा “सांगून का टाकत नाही?” असे विचारणारच, तेव्हा उत्तर तुम्ही देऊ नका, ते सासूबाईंना देऊ द्या.